पन्हाळा–पावनखिंड वाटेवर पळायला जाड कुशनचे बूट: निवडताना काय बघावं?

रानपाऊल
नमस्कार मंडळी. पन्हाळा ते पावनखिंड ही पन्नासेक किलोमीटरची वाट जुलैच्या सुरुवातीला एका दिवसात करायची आहे. चढ चालत, बाकी पळत. सराव आत्तापर्यंत कोल्हापुरात रंकाळ्याभोवती आणि विद्यापीठाच्या आवारात, म्हणजे बहुतेक डांबरावरच. आता जाड कुशनचे ट्रेलचे बूट घ्यायचे आहेत. दुकानात अंगठ्यानं दाबून बघितलं तर सगळेच मऊ लागतात, फरक कळत नाही. वजन ७८ किलो, पंजा रुंद, रस्त्यावरच्या बुटाचा नंबर यूके ८, बजेट बारा-तेरा हजार.

विचारायचं ते असं: कुशन किती जाड असावं? पावसाळा आहे म्हणून वॉटरप्रूफ घ्यावेत का? नंबर अर्धा वाढवावा की पूर्ण?

सह्यकडा
कुशनचा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी पायाखाली काय येणार ते बघा, कारण ह्या वाटेवर एकसारखं काहीच नाही. पन्हाळ्यावरून उतरताना सुटे दगड. मग मसाई पठारावर जांभा, वर पातळ माती आणि गवत. पुढं कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी ह्या पट्ट्यात भातखाचरांचे बांध, ओढे, गाडीवाटा आणि झाडीतली चिकट तांबडी माती. अधूनमधून डांबरही लागतं. जुलैत ह्या सगळ्यावर पाणी असतं.

जांभा कोरडा असताना पकड उत्तम देतो, पण सोल कानशीसारखा घासून काढतो. त्याच्या पृष्ठभागावर भोकं आणि धारदार कंगोरे असतात, पातळ सोलमधून ते तळव्याला टोचतात. जाड कुशनचा खरा फायदा इथं मिळतो. तोच जांभा पावसात शेवाळला की गणित बदलतं. ओल्या दगडावर रबराचा जितका भाग प्रत्यक्ष टेकतो तितकीच पकड. लग म्हणजे सोलखालचे रबरी खुंट, ते उंच आणि बारीक असले तर टेकणारं क्षेत्रफळ कमी होतं, शिवाय लग वाकतात आणि पाय हलल्यासारखा वाटतो. म्हणून दगडावर लगच्या उंचीपेक्षा रबर कुठलं आहे ते महत्त्वाचं.

खाचरात आणि तांबड्या मातीत बरोबर उलटं. तिथं लग रुतला पाहिजे, आणि दोन लगांमधली जागा मोकळी पाहिजे, म्हणजे पाऊल उचलताना माती गळून पडते. लग दाटीनं बसवलेले असतील तर शंभर पावलांत सोलला राड चिकटून तळ सपाट होतो. मग लग ४ मिमीचे असोत की ६ मिमीचे, उपयोग शून्य.

दोन्हीचा मध्य काढायचा तर ४ ते ५ मिमीचे लग, मोकळी मांडणी आणि चिकट जातीचं रबर. व्हायब्रमचं मेगाग्रिप ओल्या दगडावर चांगलं मानलं जातं. मात्र सोलवर व्हायब्रमचा पिवळा शिक्का आहे म्हणजे मेगाग्रिपच आहे असं धरू नका. ती कंपनी बरीच वेगवेगळी रबरं बनवते, माहितीपत्रकात नाव नीट वाचा. चिकट रबर मऊ असतं, त्यामुळं डांबरावर लवकर झिजतं. रंकाळ्याच्या रोजच्या फेऱ्या ह्या बुटात मारू नका.

आठवी गल्ली
माझं मत सरळ आहे. पन्नास किलोमीटर म्हणजे आठ-दहा तास पाय आपटणार. जितका जाड आणि मऊ तितका बरा. ७८ किलोला पातळ बूट देऊन तळवे कशाला सोलून घ्यायचे? रुबाब नको, आराम बघा की.

तळवा
आठवी गल्ली, जाड हवा हे मान्य. जाड आणि मऊ ह्या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ७८ किलोच्या माणसाला तो फरक नडतो.

स्टॅक म्हणजे पाय आणि जमीन ह्यांमधली सोलची एकूण जाडी. टाचेखाली आणि पंज्याखाली ती वेगळी असते, आणि त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे ड्रॉप. आकडे वाचताना एक काळजी घ्या. काही कंपन्या आतली इनसोल धरून जाडी सांगतात, काही न धरता. इनसोल ४-५ मिमीची असते. म्हणून दोन कंपन्यांचे ३३ आणि ३८ हे आकडे प्रत्यक्षात सारखेही असू शकतात.

मऊ फोम जड माणसाखाली पूर्ण दबतो. एकदा तो तळाला गेला की पुढचा मार सरळ पायावर येतो, म्हणजे जाडीचे पैसे वाया. शिवाय दबताना तो एका बाजूला जास्त दबतो आणि घोटा कलतो. सपाट डांबरावर हे खपून जातं. बांधाच्या कडेवर किंवा तिरक्या पायवाटेवर पाय मुरगळतो तो ह्यामुळंच, कारण पाय जमिनीपासून जितका उंच तितका कलताना घोट्यावरचा जोर वाढतो. तेव्हा टाचेकडं ३० ते ३८ मिमी जाडी चालेल, पण फोम घट्टसर हवा आणि तळ रुंद हवा.

दुकानात बघायच्या गोष्टी:
– बूट उलटा करून तळाची रुंदी बघा. मिडसोल, म्हणजे मधला फोमचा थर, वरच्या कापडापेक्षा दोन्ही बाजूंना बाहेर पसरलेला असावा. मधल्या कमानीत खूप आत गेलेला तळ ट्रेलवर डळमळतो.
– बूट घालून एका पायावर अर्धा मिनिट उभे रहा. मग टाच तशीच टेकवून गुडघा थोडा वाकवा. घोटा सतत आत-बाहेर हलत राहिला तर तो बूट ठेवून द्या.
– टाच आणि चवडा धरून पिळा. थोडा पिळला पाहिजे, पण फडक्यासारखा पिळला जाऊ नये.
– टाचेचा कप अंगठ्यानं आत दाबा. सहज चेपला तर उतारावर टाच धरून ठेवणार नाही.

अंगठ्यानं मिडसोल दाबून काही कळत नाही हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. अंगठ्याचा जोर आणि पळताना पडणारा शरीराच्या दोन-तीन पट भार ह्यांची तुलनाच होत नाही.

आणखी एक. मऊ म्हणजे कमी मार, हा समज तपासून घ्यावा असा आहे. २०१८ साली फिनलंडच्या संशोधकांनी जाड कुशनचे आणि साधे बूट घालून पळणाऱ्यांची मोजमापं घेतली. वेग वाढल्यावर जाड बुटात आदळण्याचा जोर कमी न होता वाढला, कारण मऊ तळावर माणूस पाय जास्त ताठ ठेवतो. ह्याचा अर्थ जाड बूट वाईट असा नाही. टोचण्यापासून संरक्षण आणि तळव्यांचा थकवा ह्यासाठी ते हवेतच. गुडघा वाचेल ह्या एका आशेवर मात्र घेऊ नयेत.

आठवी गल्ली
पटलं. मग ड्रॉप किती घ्यायचा ते पण सांगा. शून्य ड्रॉपचं लई ऐकायला येतं.

तळवा
आत्ता जो बूट वापरताय त्याचा ड्रॉप आधी बघा. रस्त्याचे बरेच बूट ८ ते १० मिमीचे असतात. ड्रॉप कमी झाला की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो, जास्त ड्रॉपला तो गुडघ्याकडं सरकतो. १० वरून थेट शून्यावर उडी मारून लगेच पन्नास किलोमीटर करणं म्हणजे पोटरीचं दुखणं ओढवून घेणं. जुलैला जेमतेम दोन-अडीच महिने आहेत, तेव्हा ४ ते ८ मिमीत रहा.

उदाहरणं द्यायची तर आल्ट्राचे लोन पीक आणि ऑलिंपस शून्य ड्रॉपचे आहेत, त्यांचा पुढचा भाग बोटांच्या आकाराचा आणि रुंद असतो. होकाचा स्पीडगोट पाचव्या आवृत्तीत ४ आणि सहाव्यात ५ मिमी ड्रॉपचा, लग ५ मिमी, रबर मेगाग्रिप. जाड कुशन आणि चिखल दोन्ही सांभाळणारा म्हणून तो ह्या वाटेला जुळतो, पण साध्या मापात अरुंद लागतो. तुम्ही वाइड मापच शोधा. ब्रूक्सचा कॅस्केडिया अठराव्या आवृत्तीत ८ मिमी ड्रॉपचा, डांबराची सवय असलेल्याला सोपा जातो. सॉकनीचा पेरेग्रिन ४ मिमी ड्रॉप आणि ५ मिमी लगचा, पण त्याचं कुशन मध्यम आहे. सॅलोमनचा स्पीडक्रॉस चिखलाचा राजा, मात्र १० मिमी ड्रॉप, अरुंद साचा आणि खोल लग. पठारावरच्या लांबलचक टणक पट्ट्यात तो त्रासाचा ठरेल.

पंचगंगाकाठ
नंबरबद्दल लिहिते, कारण निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

यूके ८, यूके ९ ह्या आकड्यांवर विसंबू नका. यूके ८ ला काही कंपन्या २६.५ सेंटीमीटर छापतात, काही २७. यूके मापात पूर्ण नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे ८.५ मिमी, आणि अर्धा नंबर सव्वाचार मिमी. म्हणजे कंपनी बदलली तर तुमचा 'अर्धा वाढवलेला' नंबर मूळ नंबराइतकाच निघू शकतो.

घरी असं मोजा. संध्याकाळी, दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असताना, पळायचे मोजे घालून कागदावर उभं रहायचं. टाच भिंतीला टेकलेली. वजन दोन्ही पायांवर. बसून मोजलं तर पाय आखूड भरतो. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून सगळ्यात लांब बोटापाशी आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना खुणा करायला सांगा. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट पुढं असतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा.

दुकानात बुटातली इनसोल बाहेर काढून तिच्यावर उभं रहा. टाच बरोबर मागच्या कडेला. पुढं १० ते १२ मिमी जागा उरली पाहिजे. करंगळीकडची कड इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर लांबी कितीही वाढवली तरी तो बूट तुमचा नाही. रुंद पंज्यासाठी एक नंबर मोठा घेणं हा नेहमीचा उपाय चुकीचा आहे. टाच सैल होते, बुटाची वाकण्याची रेघ तुमच्या बोटांच्या सांध्याच्या पुढं जाते, आणि उतारावर पाय पुढं घसरून नखं काळी पडतात. नखं काळी पडली की बूट लहान, असं सगळे म्हणतात. कित्येकदा बूट मोठा असतो आणि टाच सुटलेली असते.

पुरुषांच्या बुटात साधी रुंदी डी, वाइड २ई, त्याहून मोठी ४ई. डब्यावर बघा. रस्त्यावर यूके ८ नीट बसत असेल तर ट्रेलला अर्धा नंबर वाढवून २ई बघायला सुरुवात करा.

रानवेल
ताई, बायकांच्या मापाचं कसं? ट्रेलचे लेडीज बूट सगळे अरुंदच दिसतात.

पंचगंगाकाठ
बायकांची साधी रुंदी बी आणि वाइड म्हणजे डी. वाइड मिळालं नाही तर पुरुषांचा साध्या रुंदीचा बूट सेंटीमीटर जुळवून घ्या. यूएस मापात पुरुषांचा आकडा बायकांच्या आकड्यापेक्षा दीडनं कमी असतो. पुरुषांच्या साच्यात टाचही थोडी रुंद असते, म्हणून टाच उचलली जाते का ते जिना उतरून तपासा. दुकानात फक्त सपाट फरशीवर चालून ठरवू नका, उतार किंवा पायऱ्या हव्यातच.

रानपाऊल
खूप उपयोगी माहिती, आभार. दोन गोष्टी राहिल्या. वॉटरप्रूफचं काय? आणि दुकानदार रॉक प्लेटवाला बूट घ्या म्हणतात, त्याची गरज आहे का?

जांभा दगड
जुलैत वॉटरप्रूफ घेऊ नका. त्यांच्या आतला पातळ पडदा पाण्याला वरच्या कापडातून आत येऊ देत नाही, पण ह्या वाटेवर पाणी घोट्याच्या वरून येतं. पहिल्याच ओढ्यात बूट भरतो आणि तोच पडदा आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. मग उरलेला दिवस पाय पाण्यात शिजतो. कातडी पांढरी आणि मऊ होते, आणि मऊ कातडीवर फोड लवकर येतात. वॉटरप्रूफचा उपयोग दवातल्या गवतात आणि थंडीत.

तुम्हाला हवी साधी जाळी, पाणी लवकर सोडणारी. ह्यासाठी घरात एक चाचणी करता येते. जुना बूट स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडा तोला, पाच मिनिटं बादलीत बुडवून काढा, घालून दोनशे पावलं चाला आणि परत तोला. बुटाच्या तोंडाशी आणि जिभेत जाड स्पंज भरलेला असेल तर तो बूट बरंच पाणी धरून ठेवतो. प्रत्येक बुटामागं १०० ग्रॅम वाढले की पळायला साधारण एक टक्का जास्त ऊर्जा लागते. नवा बूट घेताना जिभेची आणि कॉलरची जाडी म्हणूनच बघायची.

भिजलेली इनसोल हा आणखी एक त्रास. चिकटवलेली नसेल तर उतारावर ती पुढं सरकते आणि बोटांखाली गोळा होते. आत हात घालून बघा, टाचेकडून सहज उचकटत असेल तर दोन बाजू असलेली टेप टाचेखाली आणि मध्ये लावा.

रॉक प्लेट म्हणजे पंज्याखाली फोमच्या आत किंवा खाली बसवलेला पातळ कडक थर. २५ मिमीच्या आतल्या बुटाला ती हवी. ३० च्या पुढं घट्टसर फोम असेल तर फोमच टोकं झेलतो, प्लेटनं बूट उगाच ताठ होतो. तुमच्यासाठी गरज नाही.

मोजे सुती अजिबात नकोत. नायलॉन-पॉलिस्टर मिश्रणाचे किंवा लोकरीचे, घोट्याच्या वर येणारे. बोटांमध्ये फोड येत असतील तर पाच बोटांचे मोजे, पण ते पंज्यात जागा खातात, म्हणून बूट निवडताना तेच घालून जा.

सह्यकडा
बजेटबद्दल. बारा-तेरा हजारात चालू आवृत्ती मिळाली नाही तर मागची आवृत्ती सवलतीत मिळते, आणि बहुतेक वेळा ती तितकीच चांगली असते. फक्त जिभेच्या आतल्या लेबलवरची निर्मितीची तारीख वाचा. दोन वर्षांपेक्षा जुना माल असेल तर मी घेणार नाही. फोम पडून पडून कडक होतो आणि आपल्या दमट हवेत सोलची चिकटण सुटते. पॉलियुरेथेनचा मिडसोल असलेले ट्रेकिंगचे जुने बूट तर न वापरता नुसते ठेवूनही चुरा होतात, कारण दमट हवेत ते द्रव्यच विघटित होतं. पळायच्या बुटात बहुधा ईव्हीए ह्या जातीचा फोम असतो, त्याचा चुरा होत नाही, पण उसळी जाते. सोल आणि मिडसोलच्या सांध्यात नख घालून फिरवा. कुठंही फट दिसली तर ठेवून द्या.

महागड्या पेबा फोमच्या मागं लागू नका. हलका आणि उसळीचा आहे, शर्यतीत वेग काढणाऱ्यांना उपयोगी. उंच आणि मऊ असल्यामुळं आडव्यातिडव्या वाटेवर तो हलतो, आणि कंगोऱ्यांनी लवकर फाटतो. चांगल्या घट्टपणाचा ईव्हीए ७८ किलोला जास्त दिवस पुरेल.

तळवा
घेतल्यावर लगेच लांब पळू नका. पहिल्या आठवड्यात ५ ते ८ किलोमीटरच्या दोन फेऱ्या, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात २० पर्यंत. जोतिबाचा डोंगर किंवा पन्हाळ्याची पायवाट ह्याला उत्तम, कारण बूट कळतो तो उतारावर. निदान एक लांब फेरी पूर्ण भिजलेल्या बुटात करा. कोरड्यात कधीच न घासणारी शिवण भिजल्यावर घासते, ती जागा आधी कळली तर तिथं टेप किंवा व्हॅसलिन लावता येतं.

आठवी गल्ली
नाडीचं पण सांगा कुणीतरी. उतारावर पाय पुढं जातो तो नाडीनं थांबतो म्हणतात.

पंचगंगाकाठ
थांबतो. सगळ्यात वर, घोट्याकडं, एक जादा भोक असतं आणि बहुतेक लोक ते रिकामं ठेवतात. त्याच्या खालच्या भोकापर्यंत नेहमीसारखी नाडी ओवा. मग नाडी पलीकडं न नेता त्याच बाजूच्या जादा भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका. तिथं एक छोटा फास राहील. दोन्ही बाजूंना असे फास झाले की उजवं टोक डाव्या फासातून आणि डावं टोक उजव्या फासातून घाला. टाच जमिनीवर आपटून मागं बसवा, नाडी खाली आणि मागच्या दिशेनं ओढा, मग गाठ. बोटांकडच्या पहिल्या दोन-तीन भोकांत नाडी सैल ठेवायची, म्हणजे पंजा सुजला तरी दाब येत नाही. चढावर एवढं आवळायची गरज नाही, पायाच्या वरच्या शिरा दुखतात. उतार सुरू व्हायच्या आधी दोन मिनिटं थांबून आवळा.

स्पीडक्रॉससारख्या बुटांत तारेसारखी एकाच ओढीची नाडी असते. ती झटपट बसते, पण पुढं सैल आणि मागं घट्ट असं तिच्यात करता येत नाही.

रानपाऊल
शेवटचं. बूट किती किलोमीटर टिकतील आणि चिखलात भिजल्यावर वाळवायचे कसे?

जांभा दगड
साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरा. तुमचं वजन आणि जांभा बघता ५०० च्या बाजूला. आकड्यापेक्षा बूट बघा. टेबलावर ठेवून मागून बघितल्यावर टाच एका बाजूला कललेली दिसली, मिडसोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पक्क्या झाल्या, किंवा पंज्याखालचे लग अडीच मिमीच्या खाली गेले, तर चिखलाच्या वाटेवरनं तो बूट काढा. मग त्यात रंकाळ्याला फिरा हवं तर. लांब पळून आल्यावर फोमला पूर्वीच्या जाडीवर यायला एक-दोन दिवस द्या.

वाळवायचे असे: चिखल ओला असतानाच साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं काढा, आत अडकलेली रेती खास करून, कारण टाचेचं अस्तर तीच फाडते. इनसोल आणि नाड्या बाहेर. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पहिल्या काही तासांत दोन-तीनदा बदला. मग पंख्याखाली. ऊन, चूल, हीटर, वॉशिंग मशिन ह्यातलं काहीही नको. उष्णतेनं चिकटण सुटते आणि फोम आकसतो. उन्हात बंद गाडीत बूट ठेवण्यानंही हेच होतं.

सोलचं टोक थोडं सुटलं तर लगेच मोचीकडं न्या आणि सोल्युशननं चिकटवून दाबून ठेवायला सांगा. शिलाई मात्र मारू देऊ नका. सुईची भोकं फोम फाडतात आणि त्यातून पाणी आत शिरतं.

रानपाऊल
ठरलं. रविवारी संध्याकाळी पाय मोजून, पळायचे मोजे घेऊन दुकानात जातो. यूके ८.५, २ई, ड्रॉप ४ ते ८, लग ५ मिमी, साधी जाळी, लेबलवरची तारीख. मिळाले तर इनसोलवर उभं राहिलेला फोटो टाकतो, पुढची जागा बरोबर आहे का ते सांगा.

पंचगंगाकाठ
फोटो वरून, सरळ उभा धरून काढा, तिरका काढला तर जागा जास्त दिसते. आणि बिल जपून ठेवा, दोन दिवस फक्त घरातल्या फरशीवर आणि जिन्यावर घाला. तळ स्वच्छ असेल तर बदलून देतात, मातीला लागला की नाही.